तेजाबाचा धूर आणि महिन्याची मनीऑर्डर: सातारा-सांगलीतून बाहेर पडलेली पिढी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवलेत. बसमध्ये हेडफोन विसरला असाल तर वाचून काढा.)



आज थेट विषयालाच हात घालते. तुम्ही कधी केरळात गेलात, त्रिशूरला वगैरे, तर तिथल्या सराफ बाजारात एक चक्कर मारा. मोठ्या शोरूमच्या मागच्या बोळात शिरा. एखाद्या छोट्या गाळ्यातून धूर येत असेल, भट्टीचा आवाज येत असेल, आणि आतून कुणीतरी अस्सल माणदेशी मराठीत ओरडेल, "आरं, मूस उचल की लवकर!" दचकू नका. तो माणूस खानापूर, आटपाडी, तासगाव नाहीतर खटाव-माण तालुक्यातला असण्याची शक्यता खूप जास्त आहे. तमिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश, पंजाब, बंगाल, कुठेही जा, सोन्या-चांदीचा बाजार असेल तिथे हे लोक सापडतात. त्यांना म्हणतात गलाईवाले. किंवा आपल्याकडे प्रेमाने, गलाई बांधव.

आजचा भाग त्यांच्याबद्दल आहे. पण फक्त त्यांच्याबद्दल नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले जे जे लोक या दोन जिल्ह्यांतून पोटासाठी बाहेर पडले, त्या सगळ्यांबद्दल आहे. आणि माझी एक तक्रार पण आहे, ती पुढे सांगते.

एकाच जिल्ह्यात दोन देश

आधी थोडा भूगोल. कंटाळा करू नका, दोन मिनिटांत संपेल.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला या, दहिवडी, म्हसवडकडे. पाऊस किती? पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही पडला तर. म्हणजे एकाच जिल्ह्यात दहापट फरक! सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडच्या बाजूला उरतं ते वारं. सांगलीतही तेच. वाळव्याला कृष्णेच्या काठाने ऊस डोलतो, आणि आटपाडी-जतकडे लोक आभाळाकडे बघत बसतात.

व्यंकटेश माडगूळकर याच भागातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. त्यांची 'बनगरवाडी' शाळेत नाहीतर सिनेमातून तुम्हाला भेटली असेल. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि अख्खी वाडी रिकामी होते. बरेच जण ती कादंबरी म्हणून वाचतात. या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र तो शेवट वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तर जमीन आहे, पण पाणी नाही. एका भावाने शेत बघायचं आणि बाकीच्यांनी बाहेर पडायचं, हा हिशोब इथल्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

सोनं गाळणारे शेतकरी

आता गंमत बघा. हे गलाईवाले जातीने, परंपरेने सोनार नव्हेत. बहुतेक साधी शेतकरी घरातली पोरं. मग सोन्यात कशी आली? स्वातंत्र्याच्या आधीपासूनच काही जण या धंद्यात शिरले होते. एकाने बाहेर जाऊन काम शिकायचं, जम बसला की भावाला बोलवायचं, मग भाच्याला, मग मेव्हण्याला, मग गावातल्या एखाद्या गरजू पोराला. असं करत करत गावंच्या गावं या धंद्यात गेली. विटा हे त्याचं मोठं केंद्र. १९७२ चा दुष्काळ पडला आणि हा ओघ आणखी वाढला.

काम काय असतं ते नीट समजून घेऊ, कारण दागिना सगळ्यांनी बघितलेला असतो, पण गलाई फार कमी लोकांनी.

समजा तुमच्या आजीची जुनी पाटली मोडायला दिली. त्यात सोन्याबरोबर तांबं, चांदी मिसळलेली असते. ते वेगळं काढायचं. पद्धत अशी, की आधी त्या सोन्यात मुद्दाम आणखी चांदी घालायची! ऐकायला उलटं वाटतं, पण सोन्याचं प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास आणलं की आम्ल आतपर्यंत पोचतं. मग हे मिश्रण मुशीत घालून वितळवायचं. सोनं वितळतं १०६४ अंशांना. ते पातळ झालेलं धातूचं पाणी गार पाण्यात ओतलं की त्याचे दाणे होतात. हे दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे यांच्या भाषेत तेजाबात, उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळून जातं, सोनं तळाशी राहतं. आणि ते सोनं कसं दिसतं माहितीये? तपकिरी गाळासारखं. चिखलच म्हणा ना! तो धुवायचा, टाकणखार घालून पुन्हा वितळवायचा, की मग पिवळी लगड तयार. आणि तेजाबात गेलेली चांदी? त्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत खाली बसते. काही वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातला झाडलेला कचरासुद्धा, त्याला न्यारा म्हणतात, तोही गाळून त्यातलं सोनं काढतात.

हुशारीचं काम आहे की नाही? कॉलेजात आपण ज्याला केमिस्ट्री म्हणतो ती ही मंडळी सातवी-आठवीतून शाळा सोडून, बघून बघून शिकली.

पण तेजाब उकळताना जो नारिंगी-तपकिरी धूर निघतो ना, तो विषारी असतो. नायट्रोजन डायऑक्साइड. तो फुप्फुसाला धरतो, आणि कधी कधी त्रास लगेच कळतही नाही, काही तासांनी दम लागतो. आता काही ठिकाणी धूर ओढून घेणारी यंत्रं आली आहेत. त्या काळी काय होतं? दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, तोंडाला टॉवेल. त्याच खोलीत भट्टी, त्याच खोलीत स्वयंपाक, आणि रात्री भट्टी विझली की त्याच फरशीवर झोप. शिकाऊ पोरगा बारा-चौदा वर्षांचा. त्याला भाषा येत नाही. आईची आठवण आली तर रडायचं कुठे, तेही कळत नाही, कारण खोलीत सगळी मोठी माणसं.

त्यात कायद्याची भीती. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १९६८ मध्ये कायदा झाला. सामान्य माणसाने दागिने ठेवायला हरकत नाही, पण शुद्ध सोन्याची लगड बाळगायची नाही. आणि गलाईवाल्याच्या हातातून बाहेर पडते ती लगडच! परवाने, नोंदवह्या, तपासण्या. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. तोवर जवळजवळ एक पिढी परमुलखात, परक्या भाषेत, दारावर थाप पडली की दचकत जगली.

दुसरी वाट: मुंबई

सगळे काही सोन्याकडे गेले नाहीत. त्याहून कितीतरी जास्त लोक मुंबईला गेले. पाटण, जावळी, खटाव, शिराळा, या भागातून. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी मसाला बाजारात पाठीवर पोती उचलायला. माथाडी कामगारांना एकत्र आणणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. त्यांच्या लढ्यामुळे १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा हजेरी, फंड, दवाखाना असं काहीतरी मिळायला लागलं.

आमचे आबा गिरणीत होते. लालबागला गावाची एक खोली होती. 'गावाची खोली' म्हणजे गावातल्या लोकांनी मिळून घेतलेली. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. सगळी एकदम कधीच नसायची, कारण पाळ्या तीन. एक पाळी कामावर गेली की दुसरी येऊन त्याच जागेवर आडवी व्हायची. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीला एक खिळा. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशोबाने. आबा सांगायचे, "खिळा माझा होता, जागा माझी नव्हती." आणि हसायचे.

पण आज्जी ही गोष्ट वेगळी सांगायची. आबा मुंबईला होते त्या वर्षांत ती गावी होती. सासू-सासरे, तीन मुलं, दोन शेरडं आणि कोरडवाहू तुकडा. महिन्याला मनीऑर्डर यायची. तुमच्यापैकी अनेकांनी मनीऑर्डर बघितलीही नसेल. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन-चार ओळी लिहायला जागा असायची. आज्जीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन ओसरीवर बसून, सासऱ्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, ते मोठ्याने वाचायचा. मी एकदा तिला विचारलं, "मग आबा त्यात काय लिहायचे गं?" ती म्हणाली, "काय लिवणार? सगळ्यांम्होरं वाचणार म्हणल्यावर? 'सर्व खुशाल' येवढंच."

नवरा-बायकोमधलं सगळं बोलणं त्या दोन शब्दांत, वर्षानुवर्षं. आपण ब्ल्यू टिक आली आणि पाच मिनिटं रिप्लाय आला नाही की अस्वस्थ होतो.

१९७२ आणि १९८२

दोन वर्षं लक्षात ठेवा.

पहिलं १९७२. सलग पाऊस चुकलेला. घरातली पुरुष माणसं आधीच बाहेर, आणि गावात उरलेल्या बायका सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. खायला परदेशातून आलेला लाल मिलो आणि पोरांना सुकडी. आजही तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर 'मिलो' शब्द काढून बघा, चेहरा कसा होतो ते.

एक गोष्ट मात्र आपल्या अभिमानाची. मागेल त्याला काम द्यायचं, ही रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्या सांगली जिल्ह्यातलेच. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला होता. पुढे तीच कल्पना राज्याचा कायदा झाली आणि २००५ मध्ये देशाचा.

दुसरं वर्ष १९८२. १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. नेते दत्ता सामंत, संपावर सुमारे अडीच लाख कामगार. हा संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही. तो विरून गेला. हजारो माणसं ट्रंक उचलून गावी परत आली. आणि गावी काय होतं? पुन्हा दुष्काळ! म्हणजे ज्या दुष्काळामुळे बाप गाव सोडून गेला, त्याच दुष्काळात मुलगा रिकाम्या हाताने परत आला.

पण इथे एक भारी गोष्ट घडली. खानापूर तालुक्यात परत आलेल्या या गिरणी कामगारांना संघटना करायची सवय होती, मोर्चा काढायची सवय होती. त्यांनी विचारायला सुरुवात केली, की आम्ही दर वर्षी नुसती खडीच का फोडायची? दुष्काळ कायमचा हटवायचं काम का नाही काढत? त्यातून भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांबरोबर मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीवर बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. पैसे कुठून? नदीतली वाळू विकून! आणि पाणी वाटायचं ते सगळ्यांना सारखं, ज्याला जमीन नाही त्यालासुद्धा. पुढे आटपाडीच्या पाणी परिषदा झाल्या, टेंभू योजनेचं पाणी उशिरा का होईना पण या भागात पोचलं. आज तिथे डाळिंब, द्राक्षं दिसतात, त्याच्या मुळाशी ट्रंक घेऊन परत आलेली ही माणसंही आहेत.

आणि इथे आलेले चिनी

जरा आडवळण घेते, पण विषयातलंच आहे. आपल्याकडून लोक बाहेर गेले, तसे कुणी इथे आणलेही गेले. महाबळेश्वरला 'चायनामन्स फॉल' नावाचा धबधबा आहे, बघितला असेल. हे नाव कुठून आलं?

१८३० च्या दशकात इंग्रजांनी महाबळेश्वरला तुरुंग बांधला. पिनांग, मलाक्का, सिंगापूर, त्या बाजूच्या वसाहतींतले चिनी आणि मलायी कैदी तिथे आणले. दक्षिण चीनमधून पोटासाठी आधी मलायात गेलेली माणसं, आणि तिथून बेड्या घालून सह्याद्रीच्या माथ्यावर! त्यांना भाजीपाला पिकवण्याच्या कामाला लावलं. बटाटा आणि साहेबांना लागणाऱ्या विलायती भाज्या तिथे रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता. वेताच्या टोपल्या विणायचं कामही ते करायचे. त्यांच्या मळ्यांवरून त्या जागेला ते नाव पडलं. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला.

विचार करा, त्यांच्या घरी, कुठल्यातरी चिनी गावात, कुणी वाट बघत असेल. त्यांना तर 'सर्व खुशाल' सुद्धा पोचलं नाही. आज आपण तिथे जाऊन फोटो काढतो, आणि त्या माणसांचं एकही नाव आपल्याला माहीत नसतं. एक धबधबा तेवढा उरलाय, आणि त्यालाही नाव देशाचं आहे, माणसाचं नाही.

माझी तक्रार

आता ती तक्रार. आपल्याकडे या पिढीची गोष्ट एकाच साच्यात सांगतात. 'हातात दोन रुपये घेऊन गेला आणि शून्यातून विश्व उभं केलं.' सत्कार, फेटा, शाल, यात्रेत लाखाची देणगी, फ्लेक्सवर फोटो. त्यात खोटं काही नाही. गलाई बांधवांनी गावात शाळा बांधल्या, देवळं बांधली, अडचणीला पैसे पाठवले. त्याचा मान ठेवायलाच हवा.

पण जे श्रीमंत झाले नाहीत त्यांचं काय? दहा गेले तर दहाही शेठ होत नाहीत. कुणी आयुष्यभर दुसऱ्याच्या भट्टीवर पगारी राहिला. कुणाची छाती तिशीतच गेली. कुणी संपानंतर गावी तोंड दाखवायला आलाच नाही. ज्या बायका इथे राहिल्या, त्यांनी म्हातारी माणसं सांभाळली, शेत टिकवलं, त्यांचा सत्कार कुठल्या यात्रेत झालेला मी तरी बघितला नाही. आणि तिकडे जन्मलेली मुलं, शाळेत मल्याळी किंवा तमिळ बोलणारी आणि घरी माणदेशी. सुट्टीत गावी आल्यावर त्यांना 'मद्रासी' म्हणून चिडवणारे आपणच.

एकच साचा वापरला की नुकसान कुणाचं होतं? आज जो एकवीस वर्षांचा पोरगा बाहेर जायचा विचार करतोय, त्याचं. त्याला वाटतं, मेहनत केली की होतंच सगळं. त्याला कुणी सांगत नाही, की खोलीला खिडकी आहे का बघ, धूर ओढणारा पंखा आहे का विचार, पगार लिहून घे. हे शहाणपण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. पण आपण विचारत नाही, आणि ती आपण होऊन सांगत नाहीत. 'सर्व खुशाल' म्हणायची सवय लागलेली माणसं आहेत ती!

मग करायचं काय?

तुमच्या हातात मोबाईल आहे, त्यात व्हॉइस रेकॉर्डर आहे. या दिवाळीत नाहीतर गावच्या यात्रेला घरी गेलात की एक तास काढा.

'तुमचा संघर्ष सांगा' असं विचारू नका. भाषण सुरू होईल. बारीक विचारा. घर सोडलं तेव्हा पायात काय होतं? मिरजेला गाडीत कुणी बसवून दिलं? पहिली रात्र कुठे झोपलात? पहिला पगार कुणाच्या हातात दिला? तिकडच्या भाषेतला पहिला शब्द कुठला शिकलात? परत यावंसं कधी वाटलं?

आजोबांना आणि आजीला वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलंत तर आजोबाच बोलतील, हे मी लिहून देते.

जुनी ट्रंक उघडा. मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीचं ओळखपत्र, रेशनकार्ड, काहीही. त्यांचे फोटो काढून ठेवा. वस्तू हातात दिली की आठवण आपोआप येते.

कुणी गप्प झालं, डोळ्यांत पाणी आलं, तर थांबा. पाणी द्या. पुढचा प्रश्न दुसऱ्या दिवशी. आणि महत्त्वाचं, विचारल्याशिवाय ते रेकॉर्डिंग स्टेटसला टाकू नका. त्यांनी ते तुम्हाला सांगितलंय, अख्ख्या भावकीला नाही.

१९७२ ला जो वीस वर्षांचा होता, तो आता सत्तरी कधीच ओलांडून गेलाय. हिशोब तुम्हीच करा, आपल्याकडे किती दिवाळ्या आहेत.

आमच्या आज्जीचं माझ्याकडे एकूण चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात मागे शेरडू ओरडतंय, मध्येच कुणीतरी पाण्याची मोटर चालू करतं. पण आमच्या घरात त्या चाळीस मिनिटांइतकं मोलाचं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. आईला विचाराल तर ती पाटल्या म्हणेल, तो भाग वेगळा!

तुमच्या घरातलं कुणी गलाईला गेलं असेल, गिरणीत असेल, माथाडी असेल, तर विचारा त्यांना. त्यांची हरकत नसेल तर तुम्ही काय ऐकलंत ते आम्हालाही कळवा. पुढच्या एखाद्या भागात, त्यांची नावं न घेता, त्यातलं थोडं सगळ्यांना ऐकवू.

चला तर मंडळी, काळजी घ्या. आणि घरी फोन लावाल तेव्हा, "सर्व खुशाल" असं उत्तर आलं तर फोन लगेच ठेवू नका. भेटू पुढच्या भागात.